बेळगावहून नागपूरला बिऱ्हाड हलवायचंय, हातात दीड महिना आहे. सुरुवात कुठून करू?

वडगावातून पाच माणसांचं बिऱ्हाड नागपूरला न्यायचंय आणि पॅकर्सवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून झोप उडालीय, असं तुम्ही लिहिलंय. आमचं बिऱ्हाड 2022 च्या एप्रिलात बेळगावातल्याच शहापुरातून असंच निघालं. मिस्टरांची बदली, सासूबाई, सातवीची परीक्षा दिलेली मुलगी आणि मी. तेव्हा मी आधी खोकी गोळा करत बसले आणि कागद शेवटावर ढकलले. तुम्ही उलटं करा. सामान चार दिवसांत बांधून होतं. राहिलेल्या कागदासाठी मात्र परत बेळगाव गाठावं लागतं, आणि ते तोवर साडेआठशे किलोमीटरच्या आसपास लांब गेलेलं असतं.

आमची फजिती शाळेच्या दाखल्यावरून झाली. निकालाच्या दिवशी दाखला घेतला, घडी घालून पर्समध्ये टाकला, वाचलासुद्धा नाही. नागपुरातल्या शाळेत उघडला तर सगळा कन्नडमध्ये भरलेला, आणि मुलीच्या नावामागे वडिलांचं नुसतं आद्याक्षर. तिथल्या क्लार्कने कागद सरळ धरला, आडवा धरला आणि ‘हे वाचायचं कसं जी?’ म्हणून परत दिला. मग माझ्या भावाला बेळगावच्या शाळेत दोनदा पाठवलं, कारण पहिल्या खेपेला सही करणाऱ्या बाई रजेवर. तेव्हा दाखला इंग्रजीत मागा, नाव-वडिलांचं नाव-आडनाव पूर्ण लिहून घ्या, जन्मतारीख आधारशी ताडून बघा आणि दुसऱ्या राज्यात चाललाय म्हणून बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसची सही-शिक्काही घेऊन टाका. आपल्याकडे शाळा मेअखेरीस-जूनच्या सुरुवातीला भरतात, विदर्भात उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे. तो महिना हाताशी होता म्हणून आम्ही वाचलो.

घरात बारावीचं पोर असेल तर आणखी एक. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या प्रवेशाला सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. त्यासाठी सीमाभागातले असल्याचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो. तो बेळगावात असतानाच हातात घ्या.

गॅसची टाकी आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर (जोडणी बंद केल्याचा कागद) घ्या, त्यावर नागपुरात जोडणी मिळते. भरलेली टाकी ट्रकात घालायची नाही, ड्रायव्हर ‘चालतंय की’ म्हणाला तरी. भाड्याच्या घरात गृहज्योती, म्हणजे कर्नाटकाची फुकट विजेची योजना, तुमच्या नावाने चालू असेल तर आर. आर. नंबर (वीजजोडणीचा नंबर) तुमच्या नावावरून सोडवून घ्या, नाहीतर पुढचा भाडेकरू तुम्हाला फोन करत राहील. स्कूटर केए-22, म्हणजे बेळगाव पासिंगची असेल तर आरटीओतून एनओसी (ना-हरकत दाखला) काढावी लागते, कारण 12 महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्या एनओसीला वेळ लागतो, अर्ज याच आठवड्यात करा. कर्नाटक सरकार घरच्या बाईला देतं ते गृहलक्ष्मीचे महिन्याचे 2,000 आता विसरायचे. सासूबाईंना अजून वाईट वाटतं ते आम्ही निघाल्यावर 2023 मध्ये सुरू झालेल्या शक्तीचं, कर्नाटकातल्या बायकांच्या फुकट बसचं.

आता गाडी. पॅकर्सवाल्यांनी आम्हाला 70 हजारांच्या पुढे सांगितलं होतं. मिस्टर फळबाजारात दोन संध्याकाळी जाऊन बसले आणि नागपूरहून हंगामातली शेवटची संत्री घेऊन आलेली 17 फुटी आयशर गाठली. ड्रायव्हरला रिकामं परत जायचं नव्हतं, 31 हजारांत तयार झाला. दोन्हीकडची हमाली आणि खोकी धरून 40 च्या आत भागलं. गाद्यांना पुढे आठवडाभर संत्र्याचा वास येत होता, तेवढं सोडलं तर तक्रार नाही. परतीच्या गाडीची अडचण एकच, तारीख तुमची नसते, तिची असते. चार दिवस मागेपुढे चालणार असतील तरच त्या वाटेला जा.

भाडं ठरवताना टोल कोण देणार आणि वाटेत दुसऱ्याचं सामान भरणार का, हे बोलून घ्या. उतरवायची हमाली तर नक्की, कारण ड्रायव्हर ‘हमाल तिथे मिळतात’ म्हणतो आणि भाव तिथे गेल्यावर कळतो. बिल्टी (ट्रान्सपोर्टवाल्याची माल घेतल्याची पावती) घ्याच, आणि तिच्यावर सामानाची किंमत लिहून घ्या. न लिहिल्यास मोडतोडीची भरपाई भाड्याच्या हिशेबाने मर्यादित राहते, ट्रान्सपोर्टचा 2007 चा कायदाच तसा आहे. ‘विमा’ म्हणून कोणी टक्केवारी लावली तर तुमच्या नावाची पॉलिसी मागा. नुसत्या बिलात लिहिलेल्या विम्याला अर्थ नाही. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (जीएसटीचा मालवाहतुकीचा कागद) लागत नाही, पण अडवलं तर दाखवायला यादी आणि आधारची झेरॉक्स ड्रायव्हरजवळ असू द्या. नवाकोरा फ्रीज किंवा टीव्ही खोक्यासकट नेत असाल तर त्याचं बिलही.

गाडीचं भाडं खेपेचं असतं, किलोचं नाही. जड वस्तू नेऊ का, असं वजन बघून ठरवू नका, जागा बघून ठरवा. वर्षाचा तांदूळ आम्ही दोन पोती नेला, तो कोपऱ्यात बसला. प्लास्टिकच्या चार खुर्च्यांनी मात्र पाव गाडी खाल्ली, त्या इथेच द्यायला हव्या होत्या. भांडी ‘तरुण भारत’च्या रद्दीत गुंडाळली, काचेच्या बरण्या जुन्या लुगड्यांत. लोणच्याची बरणी गाडीत नको, कितीही फडकी बांधा, तेल वाट काढतंच. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून पुसून घ्या, उभाच न्या आणि पोचल्यावर चार-सहा तास तसाच ठेवून मग चालू करा. पुढून दार असलेलं वॉशिंग मशीन असेल तर ड्रम आवळायचे बोल्ट शोधून ठेवा. पावसाळ्यात निघणार असाल तर ताडपत्री स्वतः डोळ्यांनी बघा, भोकं धरून.

लाकडी सामानाला नागपूर सोसत नाही. सासूबाईंचं फणसाच्या लाकडाचं कपाट बेळगावच्या ओलसर हवेत पन्नास वर्षं घट्ट होतं. तिथल्या सुताराने ते सोडवून प्रत्येक फळीवर पेन्सिलीने नंबर घातला, पण कन्नड आकड्यांत. त्यातले सहा आणि नऊ दिसायला सख्खे भाऊ. नागपूरच्या सुताराने नऊच्या जागी सहा ठोकली, दार लागेना, तो रंधा मारायला निघाला. तेवढ्यात मुलगी शाळेतल्या कन्नडच्या जोरावर ओरडली, ‘थांबा, ती उलटी फळी आहे!’ म्हणून कपाट वाचलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याचे सांधे सैल झाले ते झालेच. नंबर मराठीत घाला आणि जोडलेल्या कपाटाचा आधी फोटो काढा.

देव आणि दागिने मांडीवर. आणि एक पिशवी हातात ठेवा: औषधं, चहा-साखर, पातेलं, काडेपेटी, एक बल्ब, स्क्रूड्रायव्हर, दोन चादरी. आमची गाडी यवतमाळच्या अलीकडे पंक्चर होऊन दुसऱ्या दिवशी दुपारी आली, आणि ती रात्र आम्ही चौघांनी त्या पिशवीवर काढली.