१ मे हा कामगार दिन तुमच्यासाठी वैयक्तिकरीत्या काय आहे? नुसती सुट्टी, की त्यापलीकडे काही?

माझ्यासाठी हा माझ्या आजीचा दिवस आहे. आजी कापडगिरणीत कधीच कामाला नव्हती. लालबागला चाळीतल्या एका खोलीत ती खाणावळ चालवायची.

गिरणगावात कामाला येणारे बरेचसे पुरुष कोकणातून, सातारा-कोल्हापूरकडून एकटेच यायचे. बायकामुलं गावी. राहायला गावकीची, म्हणजे एकाच गावच्या लोकांनी मिळून घेतलेली खोली आणि जेवणाचा महिना अशाच एखाद्या बाईकडे लावलेला. गिरणीच्या तीन पाळ्या म्हणजे खाणावळीच्याही तीन. सकाळी सातच्या भोंग्याआधी पहिल्या पाळीचे डबे भरून तयार हवेत आणि त्याच वेळी रात्रपाळी सुटलेल्याला गरम भाकरी हवी. खिळ्याला एक वही टांगलेली असायची. जो मेंबर जेवायला आला नाही त्याच्या नावापुढे फुली. आजीला लिहिता येत नव्हतं, फुल्या आई मारायची. पगार झाला की खाडे मोजून तेवढे पैसे वळते व्हायचे.

रविवार सगळ्यात जड. गिरणी बंद, सगळे मेंबर एकदम पंगतीला, आणि त्या दिवशी मटण नाहीतर मासे हवेतच. आई सांगते, खोबरं-कांद्याचं वाटण करायला आजी पहाटेच पाट्यावर बसायची.

हा रविवार कामगारांना कुणी आपणहून दिलेला नाही. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून त्यासाठी सभा घेत होते, अर्जांवर सह्या गोळा करत होते. शिकागोत १८८६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसासाठी माणसं मेली, त्याच काळात मुंबईत आठवड्यातला एक दिवस मोकळा मागणं चाललं होतं. १८९० च्या एप्रिलमध्ये रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. मला त्या दोघींचं फार वाटतं. इतक्या पुरुषांसमोर, त्या काळात! त्याच वर्षी १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९४६ साली कारखान्यांतले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले, तेव्हा डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते.

यातलं काहीच आजीपर्यंत पोचलं नाही. कारण ती कुणाची नोकर नव्हती, तिला हजेरी नव्हती, मस्टरवर नाव नव्हतं. तिच्या कामाला काम म्हणणारी माणसं उशिरा भेटली. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि खाणावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. त्याआधी वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज, एवढेच दोन मार्ग होते.

मग १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. महिने उलटले तसे मेंबर एकेक करून गावी गेले, आणि वहीतली बाकी वहीतच राहिली. आजीने वाण्याचे पैसे हातातल्या पाटल्या मोडून फेडले. "त्यांच्याकडेच नाही, तर मला कुठून देतील?" एवढंच ती म्हणायची. संपावर खूप लिहिलं गेलंय. मालक, युनियन, संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत, गिरण्यांच्या जमिनी. पण पहिले काही महिने संपकऱ्यांना उधारीवर जेवू घालणाऱ्या बायकांबद्दल फार थोडं सापडतं. माझ्या मते त्यांनीही तो संप लढवला.

१ मे आपल्याकडे महाराष्ट्र दिनही आहे आणि ते मला परकं वाटत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव रस्त्यावर होतं. सकाळी मी हुतात्मा चौकात जाऊन येतो.

त्या दिवशी आमच्या घरी पोळ्या करणाऱ्या मावशींना भरपगारी सुट्टी असते, आणि दर रविवारीही. हे आईने घालून दिलंय. पोळ्या मी करतो, जमतील तशा. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, तरी आमच्याच इमारतीत चार घरं करणाऱ्या बाईला आठवड्याचा खाडा मागताना अजून कारण सांगावं लागतं. गेल्या वर्षीपासून सोसायटीच्या सभेत मी हा विषय काढतोय. तीन मजले तयार झालेत, बाकीच्यांशी बोलणं चालू आहे.