क्लास लावला आणि पोरगी गायचीच थांबली

पावसाळा सरत आला की माझ्याकडे एक ठरलेला प्रश्न येऊ लागतो. जूनमध्ये गाण्याचा, तबल्याचा, हार्मोनियमचा क्लास लावलेला असतो, फी भरलेली असते आणि मूल घरी तोंड उघडत नाही. "मॅडम, आवडच गेली का हो हिची? बंद करून टाकू का?" जळगावात समुपदेशनाला बसून हे इतक्या जणांकडून ऐकलंय की आता एका घराची हकीकत सांगतेच. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.

घर अमळनेरचं. वडिलांचं बी-बियाण्यांचं दुकान, मुलगी अकरा वर्षांची, दोन वर्षांपासून एका सरांकडे गायन शिकणारी. क्लासआधी ही पोर दिवसभर गायची. खानदेशातल्या कानबाई देवीच्या जागरणाला आजीशेजारी बसून अहिराणी गाणी खणखणीत म्हणायची. या वर्षी श्रावणात कानबाई बसली, रोटांच्या प्रसादाला सगळे भाऊबंद जमले आणि वडिलांनी हौसेनं जाहीर केलं, "आता क्लासमधलं ऐका." मुलगी उठून आत गेली ती बाहेर आलीच नाही. आजी सगळ्यांसमोर म्हणाली, "दोन वरीस व्हयनात, मंग तुले येस तरी काय?"

वडिलांचं म्हणणं सरळ होतं. "आधी गात होती. पैसे देऊन गाणं घालवलं आम्ही. आणि अजून सा-रे-ग-मच चालूये."

मी मुलाला एकट्याला बसवून खणत बसत नाही. घरात जे घडतं ते माझ्यासमोर घडू द्यायचं, ही माझी रीत. हल्ली हिला जुनी म्हणणारे आहेत, म्हणोत. मला तिनं क्वचितच दगा दिलाय.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मुलीला म्हटलं, घरी करतेस तोच रियाज इथे कर. आईनं मोबाइलवर तानपुरा लावला, काळी चार, म्हणजे तिची पट्टी, तिचा सा जिथे लागतो ती उंची. भूप राग सुरू झाला. सा, रे, ग... आणि पंचमावर, म्हणजे प वर, जायच्या ऐवजी मध्यम, म्हणजे म, लागला. भूपात मध्यम नसतो. तिचा चेहरा आंबट झाला. तेवढ्यात वडील म्हणाले, "नीट म्हण ना." एका हातानं ते मोबाइलवर रेकॉर्डिंग करत होते, घरच्या ग्रुपवर टाकायला. मुलीनं पुन्हा सुरुवात केली आणि गंधारापाशी, म्हणजे ग वर, गप्प झाली. या वेळी चूक व्हायच्या आधीच.

मी वडिलांना म्हटलं, "आता तुम्ही सा लावा."

"मी? मॅडम, मी युरिया विकणारा माणूस."

पण लावला. मुलगी लगेच म्हणाली, "पप्पा, उतरलात." त्यांनी जोर लावला. "आता चढलात." पुन्हा. "हां... लागला. गेला!" आई हसायला लागली, वडीलही. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "खरंच उतरला होता?" आईलाही ते कळलं नव्हतं.

"तुला कसं कळलं गं?"

"ऐकू येतं ना," ती म्हणाली. "माझा उतरला तरी येतं. म्हणूनच..." पुढे बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती.

त्या 'म्हणूनच'पाशी मी बराच वेळ थांबले आणि कुणालाही बोलू दिलं नाही. दोन वर्षांची फी कुठे गेली ते वडिलांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. क्लासमध्ये आधी कान तयार होतो, गळा बराच मागून येतो. मधल्या काळात मुलाला आपली प्रत्येक चूक ऐकू येते, पण सुधारता येत नाही. आधी बिनधास्त गाणारी पोर मग दबकत गाते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं आवड गेली. मी म्हणेन, शिकवणी लागू पडली. आवड सुटलेलं मूल चुकीवर तोंड आंबट करत नाही, चूक त्याच्या गावीच नसते.

त्या घरी मी रियाजाची वेळ ठरवून दिली. वीस मिनिटं, रोज, दार लोटून, रेकॉर्डिंग नाही, 'नीट म्हण' नाही, पाहुण्यांसमोर फर्माईश नाही. रियाज म्हणजे चुका घोटून काढायची जागा. तिथे प्रेक्षक बसले की चुका लपवणं सुरू होतं.

आता तुमच्यासाठी. क्लास आठवड्यातून एक-दोनदा असतो, तो घरचा रियाज तपासायला. रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा रोजची पंधरा-वीस मिनिटं कामाची. सरांना 'प्रगती कशी आहे' असं विचारू नका, 'छान' एवढंच उत्तर मिळेल. 'या आठवड्यात काय घोटायचं?' असं विचारा. तबल्याचे सर महिनोन्‌महिने हातावर ताली-खाली देत, म्हणजे टाळी आणि रिकामा हात दाखवत, तालाचे बोल म्हणून घेतात आणि पालक कुरकुरतात, पोरगं तोंडानंच वाजवतं म्हणून. तीनतालाच्या सोळा मात्रा तोंडात बसल्याशिवाय बोटांत उतरत नाहीत, कुरकुर थांबवा. गायनात सर हार्मोनियम बाजूला ठेवून नुसत्या तानपुऱ्यावर गायला लावत असतील तर नशीबवान आहात, कारण पेटीच्या स्वराआड बेसूर झाकला जातो. आणि खासगी शिकवणी म्हणून दहा मुलं एकाच पट्टीत गात असतील तर त्यातल्या काहींचा गळा ताणला जातोय. घसा वारंवार बसत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

मुलग्यांच्या आई-बाबांसाठी वेगळं सांगते. बारा ते पंधराच्या दरम्यान आवाज फुटतो. काल गाणाऱ्या पोराचा सूर आज फाटतो आणि तो लाजेनं क्लास सोडतो. सोडवू नका. पट्टी खाली आणा, हळू गाऊ द्या, हवं तर वर्षभर पेटी किंवा तबला धरू द्या.

परीक्षांचं वेड मला समजतं. शास्त्रीय गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्या परंपरेतल्या मंडळाच्या परीक्षा आज आपल्याकडेही होतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. दहावीला जादा गुणांची सोय असल्यानं आठवी-नववीत धावपळ उडते. कान मोजता येत नाही, प्रमाणपत्र मोजता येतं, म्हणून आपण त्याला धरून बसतो. परीक्षा द्याव्यात. पण वर्षभर फक्त परीक्षेचेच राग घोटून घेणाऱ्या सरांना, बाकी काय शिकवणार, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

सर बदलावेत का, हा प्रश्नही येतो. मुलाला कंटाळा आला एवढ्यावर नाही. पण सर स्वतः कधीच गात-वाजवत नसतील, चारचौघांत मुलाचा अपमान करत असतील किंवा पालकांना दाराबाहेर बसायलाही मज्जाव असेल, तर महिना संपायची वाट बघू नका. भरलेली फी गेली तर जाऊ द्या.