नवीन औषधाच्या ट्रायलमध्ये प्लासिबोच मिळणार असेल, तर इसबाच्या रुग्णाने भाग का घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या बहिणीला, वय १९, लहानपणापासून इसब आहे, म्हणजे अटोपिक डर्माटायटिस. त्वचारोग विभागातल्या डॉक्टरांनी नव्या इंजेक्शनच्या क्लिनिकल ट्रायलबद्दल, म्हणजे रुग्णांवर औषध तपासून पाहणाऱ्या चाचणीबद्दल, विचारलंय. आई म्हणते पोरीवर प्रयोग नकोत, आणि तुम्हाला खटकतोय तो प्लासिबो, म्हणजे दिसायला तसंच पण आत औषध नसलेलं इंजेक्शन. मी डॉक्टर नाही. पण एका रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात अशा ट्रायल्सची समन्वयक म्हणून मी काही वर्षं काम केलंय, म्हणजे फॉर्म भरणं, रुग्णांना फोन करणं, ट्यूब मोजून घेणं ही कामं. त्यामुळे ते औषध तिला चालेल की नाही हे मी सांगणार नाही. ट्रायलमध्ये नेमकं काय चालतं ते सांगते.

आधी प्लासिबो. इसब हा मुळातच कमी-जास्त होणारा आजार. थंडीत उफाळतो, परीक्षेच्या दिवसांत उफाळतो, कधी आपसूक ओसरतो. माणूस दवाखान्यात येतो तोच मुळी अगदी सहन होईनासं झाल्यावर, त्यामुळे त्यानंतर काहीही दिलं तरी बऱ्याच जणांना थोडा उतार पडतोच. शिवाय ट्रायलमध्ये कुणीतरी सतत विचारत असतं, ‘मॉइश्चरायझर लावलंत ना?’ मग एरवी कंटाळा करणारेही ते नेमाने लावतात. या सगळ्यातून औषधाचा स्वतःचा गुण किती, हे शेजारी प्लासिबो घेणारा दुसरा गट ठेवल्याशिवाय कळत नाही.

इसबावरच्या डुपिलुमॅब या इंजेक्शनच्या सोलो-१ आणि सोलो-२ या चाचण्यांचे निकाल २०१६ साली आले. दर दोन आठवड्यांनी इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी १६ आठवड्यांनंतर ज्यांची त्वचा स्वच्छ किंवा जवळपास स्वच्छ झाली, असे पहिल्या चाचणीत ३८ टक्के होते आणि दुसरीत ३६. प्लासिबो गटात हेच आकडे १० आणि ८ टक्के. म्हणजे इंजेक्शनमध्ये औषध नसतानाही दहा-बारा जणांत एकाची कातडी स्वच्छ झाली. आणि हेही बघा, की खरं औषध घेऊनही निम्म्याहून जास्त लोक त्या पातळीला पोचले नाहीत. तरी हे औषध या आजारातलं मोठं पाऊल मानलं गेलं आणि मार्च २०१७ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. तुमच्या गावात कुणी ‘आमच्या मलमाने शंभर टक्के गुण’ असा फलक लावला असेल, तर त्याच्याकडे दुसरा गट होता का, एवढंच विचारा.

आता प्लासिबो गट म्हणजे उपचारच नाहीत, असं दरवेळी नसतं. याच औषधाच्या क्रोनोस नावाच्या चाचणीत, जिचे निकाल २०१७ मध्ये आले, दोन्ही गटांना स्टेरॉइडचं मलम होतंच; फरक फक्त इंजेक्शनचा होता. सोलोमध्ये मात्र मलम बंद होतं आणि त्रास फारच वाढला तर ‘रेस्क्यू’ म्हणून द्यायची सोय होती. ज्याला रेस्क्यू लागलं, त्याला गुण आला नाही असं हिशेबात धरत. तेव्हा ‘प्लासिबो आहे का?’ एवढं विचारून थांबू नका. ‘चालू मलम राहणार की बंद, आणि सहन झालं नाही तर काय देणार, किती दिवसांत?’ हे विचारा.

माझ्या अनुभवात रुग्णांना प्लासिबोपेक्षा जास्त जड जातो तो वॉशआउटचा काळ. ट्रायल सुरू होण्याआधी चालू औषधं काही दिवस किंवा काही आठवडे बंद ठेवायला लागतात, नाहीतर आधीच्या औषधाचा गुण नव्याच्या खात्यावर जमा होतो. या काळात कोपराच्या आतल्या बाजूला, मानेवर, गुडघ्याच्या लवणीत आजार पुन्हा डोकं वर काढतो. झोप उडते. तिची परीक्षा किंवा घरात लग्न तोंडावर असेल, तर डॉक्टरांना सरळ सांगा.

तपासणीच्या दिवशी काय होतं तेही सांगते, कारण ‘प्रयोग’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी येतं. डॉक्टर अंगाचे चार भाग करतात: डोकं-मान, हात, धड, पाय. प्रत्येक भागात लाली, जाडी, ओरखडे आणि घट्ट-खरखरीत झालेली कातडी यांना शून्य ते तीन गुण, आणि किती जागा व्यापली त्याचे वेगळे. सगळं मिळून ० ते ७२ चा एक आकडा निघतो, त्याला ईझी म्हणतात. आपल्या सावळ्या कातडीवर लाली लालभडक दिसतच नाही. तपकिरी, जांभळट दिसते, आणि नवखा डॉक्टर ती सहज कमी मोजतो. म्हणून एका रुग्णाला शक्यतो दर वेळी तोच डॉक्टर तपासतो. मग पोएम नावाची सात प्रश्नांची यादी रुग्णाने स्वतः भरायची: गेल्या आठवड्यात किती दिवस खाज आली, किती रात्री झोपमोड झाली, किती दिवस कातडीतून रक्त आलं, पाझरलं, भेगा पडल्या, सालं निघाली, कोरडी पडली. मला विचाराल तर ७२ च्या आकड्यापेक्षा हे सात प्रश्न जास्त खरं बोलतात. ट्रायलमध्ये मलम असेल तर ट्यूब परत आणायला लावून तिचं वजन करतात. ‘रोज लावते’ म्हणणाऱ्यांच्या ट्यूबा कधीकधी भरलेल्याच परत येत. (प्रौढ माणसाच्या हाताच्या दोन पंजांएवढ्या (बोटांसकट) जागेला तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकं मलम, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम लागतं. बहुतेक लोक त्याहून बरंच कमी लावतात.)

आणि सगळ्या ट्रायल कंपनीच्या, महागड्या इंजेक्शनच्याच असतात असं नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधली बेथ ही चाचणी घ्या. आंघोळीच्या पाण्यात ओतायच्या मॉइश्चरायझरने इसबाच्या मुलांना फायदा होतो का, हे ४८२ मुलांवर पाहिलं. दोन्ही गट अंगाला लावायचं मलम-क्रीम वापरतच होते. १६ आठवड्यांत २८ पैकी पोएमच्या गुणांतला फरक अर्ध्या गुणाचासुद्धा नव्हता, आणि रुग्णाला फरक जाणवायला साधारण तीन गुण लागतात. वर्षानुवर्षं लिहून दिली जाणारी वस्तू, पण उपयोग नाही. आपल्याकडे बादलीतल्या आंघोळीला तो प्रश्नच नाही म्हणा.

आपल्याकडचं उदाहरण गाजरगवताचं. पुण्यात ते १९५० च्या दशकात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि मग देशभर पसरलं. त्याने होणारा डर्माटायटिस शेतकऱ्यांचं आयुष्य नकोसं करतो. यावर दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी ॲझाथायोप्रिन ही जुनी गोळी आणि बीटामेथासोन हे स्टेरॉइड अशी थेट तुलना केली. ती २००८ मध्ये छापून आली. तिथे प्लासिबो नव्हताच. आजार दोन्हींनी आटोक्यात आला, पण स्टेरॉइडच्या गटात दुष्परिणाम आणि आजार उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं.

आता आईच्या शंकेबद्दल. ‘गिनीपिग’ होण्याची भीती निराधार नाही, पण २०१९ चे नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम बरेच कडक आहेत. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देणं बंधनकारक आहे. योग्य उपचार उपलब्ध असताना ते न देता प्लासिबो दिला आणि त्यामुळे इजा झाली, तर तेही भरपाईत धरलं जातं. कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर असलीच पाहिजे; १५ जून २००९ पासून ते सक्तीचं आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि घरी बसून स्वतः शोधा. क्रमांक सांगायला कुणी कां-कूं करत असेल, तर तिथून सरळ उठून या.

एक गोष्ट बहुतेक घरांत अवघड होते. तरुण मुलींची अशा ट्रायलमध्ये सहसा गर्भचाचणी करतात आणि गर्भनिरोधनाबद्दल विचारतात. अविवाहित मुलीला असं विचारलं म्हणून आयांना रागावून निघून जाताना मी पाहिलंय. हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, आणि तेवढ्या वेळापुरतं घरच्यांना बाहेर बसायला सांगतात. आईला हे आधीच सांगून ठेवा.

सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न: ट्रायल संपल्यावर काय? गुण आला आणि औषध बंद झालं, तर आजार परत येऊ शकतो. पुढे ते औषध मिळेल का, कुणाच्या खर्चाने, हे संमतीपत्रात कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला सांगा. नियमांत ट्रायलनंतर औषध देण्याची तरतूद आहे, पण तिला अटी आहेत. ते आपोआप होत नाही.

संमतीपत्र मराठीत मागा, आणि त्याच दिवशी सही करायची घाई नको. ते घरी नेऊन वाचता येतं. ती १९ वर्षांची आहे, म्हणजे सही तिची, निर्णयही तिचाच. सही झाल्यावर एक प्रत तिच्याकडे राहायला हवी. त्या प्रतीवर डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीचा, म्हणजे रुग्णांच्या हिताकडे लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन नंबर असतो, तो तुम्ही दोघांनीही मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.