जुने पाइप बदलायचेत, काम कोणाला द्यायचं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा, नमस्कार. आमचं घर अमळनेरला जुन्या गावात आहे. मागचा भाग आजेसासऱ्यांच्या वेळचा, विटा आणि मातीच्या गाऱ्यातला, पुढचा भाग सासऱ्यांनी १९८४ साली सिमेंटमध्ये बांधला. सगळे पाइप लोखंडी. सकाळी पहिलं पाणी तांबूस येतं मग साफ होतं, किचनच्या नळाची धार करंगळीएवढी पण राहिली नाही, आणि न्हाणीच्या मागच्या भिंतीला पोपडे धरलेत. तीन प्लंबर बघून गेले. एक म्हणतो नुसता किचनचा तुकडा बदला, दुसरा म्हणतो सगळं घर सीपीव्हीसी करा, तिसरा म्हणतो साधं पीव्हीसी टाका, निम्म्यात होतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुली माहेरी येतील, त्याच्या आत उरकायचंय. कोणाचं ऐकू?
(एक वाचक, अमळनेर)

उत्तर : ताई, दुसऱ्याचं म्हणणं बरोबर आहे, सगळं घर सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी पण सोसणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपाचं करा. पण तो बरोबर बोलला म्हणून लगेच त्यालाच काम देऊन मोकळ्या होऊ नका, त्याचं हातकाम कसंय ते अजून तुम्ही बघितलेलं नाही.

आधी घरच्या घरी खात्री करून घ्या. नळाला पाणी येईल त्या दिवशी एक बादली थेट मीटरजवळ भरा, एक वरच्या टाकीतून काढा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणी नळ उघडायच्या आत किचनमधली पहिली बादली भरा. बादल्या पांढऱ्या घ्या म्हणजे रंग लगेच कळतो. पहिल्या दोन स्वच्छ आणि तिसरी तांबूस असेल तर गंज तुमच्याच पाइपात आहे, रात्रभर पाणी लोखंडात उभं राहतं, त्यात गंज उतरतो, आणि थोडं वाहून गेलं की साफ होतं. आता भिंत. एका रात्री मोटर, सगळे नळ आणि फ्लशच्या टाकीचा अँगल कॉक बंद ठेवा, वरच्या टाकीत पाण्याच्या रेषेवर खूण करा आणि सकाळी बघा. पाणी उतरलं असेल तर टाकीपासून खालची लाइन कुठेतरी गळतेय. उतरलं नसेल तर ती ओल बहुतेक न्हाणीच्या फरशीतून किंवा सांडपाण्याच्या पाइपातून येतेय, मग नळाचे सगळे पाइप बदलले तरी ती भिंत सुकायची नाही, तिचं काम वेगळं काढावं लागेल. हे कोणत्या प्लंबरने तुम्हाला करून दाखवलं का? जो न सांगता करतो तो माणूस कामाचा समजा.

तुकडा बदलायच्या मी एकदम विरोधात आहे, कारण सांगतो. जीआय पाइप म्हणजे लोखंड आणि त्यावर जस्ताचा मुलामा. आपल्याकडे बऱ्याच गावांत नळाला रोज पाणी नसतं, पाइप कधी भरलेला कधी रिकामा, त्यात हवा शिरते आणि ओल तशीच राहते, म्हणून गंज लवकर धरतो. वर बोअरचं जड पाणी, त्यातले क्षार आतून थरावर थर बसतात, गिझरच्या गरम लाइनीत तर जास्तच. चाळीस वर्षांचा अर्धा इंची पाइप कापून बघा, बाहेरून ठीक दिसतो पण आत पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं असतं, कडेने तपकिरी खडबडीत थर, नखाने खरवडला की पापुद्रे सुटतात आणि बोटं तांबडी होतात. असल्या लाइनीत एक सांधा सोडवायला पाना लावून जोर दिला की तो हिसका पुढच्या एल्बोपर्यंत (वळणाच्या जोडापर्यंत) जातो, तिथले आटे आधीच खाल्लेले असतात, मग तिथून गळायला लागतं, भिंतीच्या आत. शिवाय सुटलेले पापुद्रे वाहत जाऊन नवीन नळाच्या जाळीत अडकतात. एका तुकड्याची दुरुस्ती म्हणून सुरू झालेलं काम असं वर्षभर पुरतं आणि दरवेळी टाइल फुटते.

पीव्हीसी निम्म्यात होतं हे पण तपासून घ्या. पाइप स्वस्त पडतो हे खरं, पण भिंत फोडणं, झिऱ्या (पाइपासाठी भिंतीत मारलेल्या चरी) बुजवणं, टाइल परत लावणं, मजुरी हा खर्च दोन्हीला तेवढाच, आणि मोठा खर्च तोच असतो. साधा पीव्हीसी, म्हणजे यूपीव्हीसी, थंड पाण्यासाठी आहे, गरम पाण्याने तो मऊ पडतो. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं, त्यामुळे मी तर थंड लाइन पण सीपीव्हीसीचीच करा म्हणतो. पाइपावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस १५७७८ हा नंबर छापलेला बघा, शेजारी एसडीआर (पाइपाच्या जाडीचा आकडा) ११ किंवा १३.५ लिहिलेलं असतं, ११ वाला जास्त जाड. भिंतीत गाडायचा तो ११ च घ्या. गिझरला पाइप थेट जोडू देऊ नका, मध्ये स्टीलच्या जाळीचा कनेक्शन पाइप हवा. आणि सोलर असेल तर त्याच्या टाकीतून निघणारी पहिली लांबी धातूचीच ठेवा, उन्हाळ्यात गरम पाणी वापरात नसलं की सोलरचं पाणी उकळीच्या जवळ जातं.

तुमच्या मागच्या भागाची मला जास्त काळजी वाटते. मातीच्या गाऱ्यातल्या भिंतीला कटर लावून लांबच लांब आडवी झिरी मारली तर भिंतीचा जीव जातो. नऊ इंची विटांच्या भिंतीत उभी झिरी तीन इंचांपर्यंत आणि आडवी दीड इंचापर्यंत, याच्या पुढे जाऊ नये असा नियम आहे, आणि तो चांगल्या बांधकामाला, तुमच्या मागच्या भिंतींना तर झिरी नकोच. तिथे पाइप भिंतीवरून उघडाच न्या, क्लॅम्प मारून, कोपऱ्याकोपऱ्याने. दिसायला बरं दिसत नाही असं घरातले म्हणतील, पण गळती झाली तर दिसेल तरी. फाटकापासून घरापर्यंत जमिनीतून जाणारी लाइन पण नीट करून घ्या, काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पाइपाला ओढ बसते. चर खणून खाली-वर वाळू टाकून मगच पाइप ठेवायचा. मीटरच्या रस्त्याकडच्या बाजूच्या, नगरपालिकेच्या जोडणीला मात्र हात लावू देऊ नका, ते काम नगरपालिकेची परवानगी घेऊन त्यांच्या लायसन्सवाल्या प्लंबरकडूनच करायचं.

आता माणूस कसा पारखायचा. आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा ट्रेड आहे, तो केलेला असेल तर चांगलंच, पण गावात कितीतरी उत्तम कारागीर बापाच्या हाताखाली शिकलेले आहेत, म्हणून मी सर्टिफिकेटवर अडत नाही. त्याचं चालू असलेलं काम बघायला जा आणि तो एक सांधा जोडतो तेवढा वेळ शेजारी उभ्या राहा. पाइप सरळ कापला पाहिजे, कापल्यावर आतली-बाहेरची कुसळं काढली पाहिजेत, सोल्युशन (सांधा चिकटवायचं) पाइपाला बाहेरून आणि फिटिंगला आतून दोन्हीकडे लावलं पाहिजे, घालताना पाव फेरा फिरवून अर्धा मिनिट दाबून धरलं पाहिजे. सोल्युशनचा डबा झाकलेला आणि सावलीत हवा, आपल्या उन्हात उघडा राहिला तर ते जेलीसारखं होतं, असलं घट्ट झालेलं सोल्युशन वापरणाऱ्याला काम देऊ नका. आणि सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच सोल्युशन लागतं, पीव्हीसीचं नाही, हे विचारा, उत्तर द्यायला तो अडखळला तर तुम्हाला कळलंच.

कोटेशन तिघांकडून एकाच यादीवर घ्या, नाहीतर तुलना होत नाही. किती पॉइंट, टाकीतून उतरणारी मेन लाइन किती इंची (एक इंच तरी हवीच, पुढे पाऊण, आणि नळापाशी अर्धा), कोणत्या कंपनीचा पाइप, नळाच्या पॉइंटला पितळी आट्यांचं फिटिंग आहे की प्लास्टिकचं, व्हॉल्व्ह कुठे कुठे, झिऱ्या कोण बुजवणार, राडारोडा कोण उचलणार. प्रत्येक बाथरूमला आणि किचनला वेगळा बॉल व्हॉल्व्ह मागून घ्या. मटेरियल शक्यतो तुम्ही स्वतः दुकानातून पक्कं बिल घेऊन आणा, आणि उरलेले फिटिंग परत घेणार का ते दुकानदाराला आधीच विचारा.

आणि ताई, सगळ्यात महत्त्वाचं हे आहे, बाकी विसरलात तरी चालेल. झिऱ्या बुजवायच्या आधी प्रेशर टेस्ट. शेवटचा सांधा झाल्यावर एक रात्र जाऊ द्यायची, सगळे पॉइंट डमीने (तात्पुरत्या बुचांनी) बंद करायचे, लाइनीत पाणी भरून हवा काढायची आणि हातपंपाने साधारण दहा किलो प्रेशर देऊन तासभर ठेवायचं. पंपावरच्या प्रेशर दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा हलला नाही पाहिजे. तुमची टाकी पहिल्या मजल्याच्या वर असेल तर खालच्या नळाला जेमतेम पाऊण किलो प्रेशर येतं, त्यामुळे "टाकीचं पाणी सोडून बघितलं, कुठे गळत नाही" ही टेस्ट नाही, कच्चा सांधा तेवढ्यात गळतच नाही, दोन वर्षांनी गळतो. टेस्टचा पंप ज्याच्याकडे नाही किंवा जो म्हणतो "त्याची काय गरज, माझी गॅरंटी", त्याला नको सांगा. मजुरीतले निदान पंचवीस-तीस टक्के टेस्ट होईपर्यंत हातात ठेवा आणि हे काम सुरू व्हायच्या आधीच बोलून घ्या. टेस्ट झाली की प्रत्येक भिंतीचा मोजायचा टेप लावून फोटो काढा, उद्या कोणी खिळा ठोकायला आला तर पाइप कुठून गेलाय ते कळेल.

आखाजीचं म्हणाल तर घाई करू नका. सणाच्या आधी सगळ्या प्लंबरांच्या हातात चार-चार कामं असतात आणि घाईत पहिली गळते ती टेस्ट. एवढ्यात फक्त किचनच्या लाइनीला बाहेरून तात्पुरता उघडा सीपीव्हीसी पाइप थेट टाकीवरून आणून द्या, मुलींची सोय होईल, तो पुढे मोठ्या कामात वापरता पण येईल. पाहुणे गेले की भिंती फोडा.

प्रश्न : शेतात केळीच्या लाइनीचे चांगले पाइप उरलेत. गावातल्या घराच्या फिटिंगला वापरले तर काय हरकत?
(एक शेतकरी, रावेर तालुका)

उत्तर : भाऊ, बोअरपासून गोठ्याच्या हौदापर्यंत खुशाल वापरा. घरात नको. शेतीचा पाइप बहुतेक अडीच किंवा चार किलोच्या प्रेशरचा असतो, भिंत पातळ, आणि मोटर चालू-बंद होताना लाइनीत जो धक्का बसतो तो घरातल्या एवढ्या वळणांवर आणि सांध्यांवर त्याला झेपत नाही. गरम पाण्याला तर तो चालतच नाही. पाइप बांधावर दोन-तीन उन्हाळे उघडे पडलेले असतील तर उन्हाने कडक पण झालेले असतात, एक तुकडा कापून बघा, तडकून कपच्या उडाल्या तर ते हौदाला पण लावू नका. घराचे नवीन पाइप गच्चीवरून उघडे नेणार असाल तर त्यांना पण ऊन लागतंच, पाण्यात मिसळणारा पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग मारा, ऑइल पेंट नको, आणि क्लॅम्प आवळून टाकू नका. तीन मीटरचा सीपीव्हीसी तीस अंशांच्या फरकाने सहा मिलिमीटर लांबतो, त्याला सरकायला जागा लागते.

प्रश्न : मागच्या महिन्यात सगळे पाइप नवे टाकले तरी वरच्या बाथरूमच्या शॉवरला धार नाही. प्लंबर आता फोन उचलत नाही. प्रेशर पंप बसवू का?
(एक वाचक, भुसावळ)

उत्तर : पंप लगेच घेऊ नका. शॉवर आणि नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा, पाइप कापताना पडलेला कीस आणि टेफ्लॉन टेपचे धागे तिथेच अडकतात. त्याने फरक नाही पडला तर गच्चीवर जाऊन बघा, टाकीच्या आउटलेटच्या व्हॉल्व्हनंतर वर उभा गेलेला, तोंड उघडं असलेला पाइप आहे का. नसेल तर टाकी रिकामी झाली की लाइनीत हवा अडकते, तो पाइप टाकीपेक्षा उंच नेऊन बसवला की बहुतेक वेळा काम होतं. हेही झालं आणि धार तशीच, तर टाकीच्या तळापासून शॉवरपर्यंतची उंची मोजा. वरच्या मजल्यावर ती चार-पाच फूटच भरली तर पाइप कितीही चांगला असो जोर येणार नाही, टाकी उंच स्टँडवर घ्या किंवा मग पंप. पंप बसवलाच तर तो टाकीनंतरच्या लाइनीवर, नगरपालिकेच्या नळावर थेट नाही, ते बेकायदेशीर तर आहेच पण ओढ बसली की फुटक्या लाइनीतून गटाराचं पाणी तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या घरात येऊ शकतं.

प्लंबरला मेसेज करून तारीख विचारा आणि दुकानाच्या बिलाचा फोटो सोबत जोडा. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर दुसरा माणूस बोलवा आणि त्याच्याकडून आधी प्रेशर टेस्ट करून घ्या, ती पहिल्याने केली नसेल तर धारेपेक्षा ते काम आधीचं.