हॅट्ट्रिकमधली हॅट कुणाची?

प्रश्न असा आहे : हॅट्ट्रिक म्हणजे ओळीने तीन हे कळलं, पण त्यात हॅट कुठून आली? आणि वर्तमानपत्रं लिहितात ती 'सलग हॅट्ट्रिक' ही द्विरुक्ती नाही का?

हॅट खरीखुरी होती. ती मिळाली सरे काउंटीच्या एच. एच. स्टीफन्सनला, १८५८ साली, शेफील्डच्या हाइड पार्क मैदानावर. ऑल इंग्लंड इलेव्हन हा व्यावसायिक खेळाडूंचा फिरता संघ होता. गावोगावी जाऊन स्थानिक संघांशी सामने खेळायचे, हा त्याचा धंदा. समोरचे कच्चे असत, म्हणून त्यांना बावीस गडी उतरवायची मुभा असे. अशाच एका सामन्यात हॅलमच्या बावीस जणांविरुद्ध स्टीफन्सनने तीन चेंडूंवर तीन बळी टिपले. लोकांनी तिथल्या तिथे वर्गणी काढली आणि त्या पैशांतून त्याला हॅट घेऊन दिली. गंमत म्हणजे समोर बावीस जण असल्यामुळे हा सामना प्रथम श्रेणीत धरत नाहीत. ज्या पराक्रमाची गोष्ट शब्दाच्या जन्मकथेत सांगतात, तो अधिकृत आकड्यांत नाहीच!

स्टीफन्सन मूळचा सरेतल्या ईशरचा. तेव्हा चेंडू टाकताना हात खांद्याच्या वर नेणं नियमबाह्य होतं. हात बाजूने फिरवून टाकायच्या त्या पद्धतीला राउंडआर्म म्हणत. तो तशीच जलद गोलंदाजी करी, शिवाय फलंदाजी आणि यष्टिरक्षणही. १८६१-६२ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेलेल्या पहिल्या इंग्लिश संघाचा तो कर्णधार होता. दौऱ्याचा खर्च मेलबर्नमधल्या स्पायर्स आणि पाँड या खानपान व्यावसायिकांनी उचलला होता. त्यांनी आधी बोलावलं होतं चार्ल्स डिकन्सला, व्याख्यानं द्यायला. ते जमलं नाही म्हणून क्रिकेट. माणशी दीडशे पौंड आणि खर्च हा मोबदला उत्तरेकडच्या नामवंतांना पटला नाही, त्यामुळे संघात सरेवाल्यांचाच भरणा झाला. पुढे १८७२ पासून तो अपिंगम शाळेत क्रिकेट शिकवत राहिला. १८८० साली लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडमधली पहिली कसोटी झाली, तिथे दोन पंचांपैकी एक तोच होता. १८९६ साली अपिंगमलाच वारला.

मात्र त्या दिवशी कुणी 'हॅट्ट्रिक' असं ओरडलं असेल, असं समजू नये. बक्षीस आधी आलं, शब्द छापला जाऊ लागला तो १८६०-७० च्या दशकांत. टोपीतून वस्तू काढून दाखवणाऱ्या जादूगाराच्या करामतीला हाच शब्द होता. क्रिकेटवाल्यांनी त्यावर कोटी केली असावी, असं मला वाटतं. कसोटीतली पहिली हॅट्ट्रिक १८७९ मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज स्पॉफर्थने घेतली. विश्वचषकातली पहिली तर आपल्या नागपूरची : १९८७, चेतन शर्मा, आणि न्यूझीलंडचे तिघेही त्रिफळाचीत.

आता द्विरुक्तीबद्दल. क्रिकेटमध्ये सलगपणा शब्दातच आहे, त्यामुळे तिथे 'सलग तीन चेंडूंवर हॅट्ट्रिक' हे पाल्हाळ. हॉकी-फुटबॉलमध्ये मात्र एका सामन्यात एकाच खेळाडूचे तीन गोल झाले की पुरे. मध्ये दुसऱ्या कुणी गोल केला तरी चालतं. 'सलग दोन सामन्यांत हॅट्ट्रिक' हेही निर्दोष. बिघडतं ते राजकारणाच्या पानावर. 'आमदारसाहेबांची सलग तिसऱ्यांदा हॅट्ट्रिक' असा मथळा वाचला की साहेब नऊ निवडणुका जिंकले म्हणायचे! हवं असतं ते 'विजयाची हॅट्ट्रिक'. 'पराभवाची हॅट्ट्रिक'ही मराठीने खुशाल रुळवली आहे, आणि मला ती आवडते.

मराठी प्रतिशब्द शोधू नये. टोपीवरून काही बेतावं तर 'टोपी घालणे' आडवं येतं आणि गोलंदाज फसवा ठरतो. शब्द स्त्रीलिंगी चालतो, साधली, नोंदवली, हुकली. लिहिताना दोन्ही ट ठेवावेत.