शंका-समाधान : आदामाचे पाप आणि तान्ह्या बाळाचा दोष

प्रश्न : माझ्या नातवाच्या स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) वेळी फादरांनी 'या बाळाला आदिपापापासून मुक्त कर' अशी प्रार्थना केली. माझी सून हिंदू घरातून आलेली आहे. घरी आल्यावर तिने विचारले, "दीड महिन्याच्या पोराने कुणाचे काय वाईट केले?" मला उत्तर सुचले नाही. तान्हे मूल देवापुढे गुन्हेगार असते, असे ख्रिस्तसभा खरोखरच शिकवते काय? (एक वाचक, वसई)

उत्तर : आपल्या सूनबाईंच्या या प्रश्नावर सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतले आणि इटलीतले बिशप एकमेकांशी कडाडून भांडले आहेत, तेव्हा उत्तर सुचले नाही याचा संकोच बाळगू नये. आदिपाप म्हणजे आदामाकडून साऱ्या मानवजातीकडे आले असे मानलेले पाप. आजची कॅथलिक शिकवण आपल्या प्रश्नाला 'नाही' असेच उत्तर देते. मात्र पूर्वी हे 'नाही' इतके सरळ दिले जात नव्हते, आणि ते का, हे समजल्याखेरीज स्नानसंस्कारातल्या त्या प्रार्थनेचा अर्थ लागत नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात आदाम आणि हव्वा यांनी आज्ञा मोडल्याची जी कथा आहे, तिच्यात प्रसूतिवेदना, घाम गाळून मिळवायची भाकर आणि अखेर मातीला मिळणे एवढे सांगितले आहे. त्यांचा दोष मुलाबाळांच्या माथी बसेल, असे तिथे म्हटलेले नाही. त्या कथेचा संबंध साऱ्या मानवजातीच्या पापाशी जोडला तो संत पौलाने, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात. एका माणसामुळे पाप आणि पापामुळे मरण जगात शिरले, असे तो म्हणतो. परंतु त्याचा सगळा भर पुढच्या अर्ध्या भागावर आहे, की दुसऱ्या एका माणसामुळे, म्हणजे ख्रिस्तामुळे, कृपा त्याहून कितीतरी अधिक आली. हा क्रम ध्यानात ठेवावा. ख्रिस्ताने सर्वांना तारले हा विश्वास आधीचा आहे, आणि सर्वांना तारण्याची गरज का पडली याचा शोध त्यानंतर सुरू झाला.

तो शोध टोकाला नेला हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन (354–430) यांनी. हिप्पो म्हणजे आजच्या अल्जीरियातील अन्नाबा. त्यांच्या 'आत्मनिवेदन' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात एक बाळ भेटते. त्याला अजून बोलता येत नाही, पण आपल्या दूधभावाला अंगावर घेतलेले पाहून ते मत्सराने पांढरेफटक पडते आणि त्याच्याकडे कडवट नजरेने बघत राहते. लहान मुलांची निरागसता त्यांच्या अंगातल्या दुबळेपणात आहे, मनात नाही, असा निष्कर्ष ऑगस्टीन त्यातून काढतात. दोन मुलांच्या कुठल्याही आईला हे दृश्य पाठ असते; निष्कर्ष मात्र सगळ्याच आया काढत नाहीत!

त्यांचा खरा युक्तिवाद याहून भक्कम होता. ख्रिस्तसभा तान्ह्या मुलांना स्नानसंस्कार देते, आणि तो 'पापांच्या क्षमेसाठी' देते. बाळाने स्वतः तर कोणतेच पाप केलेले नाही. मग क्षमा होते ती कशाची? आदामाकडून आलेल्या पापाची, हे त्यांचे उत्तर. समोर होता ब्रिटनमधून रोमला आलेला पेलागियस नावाचा तपस्वी. त्याच्या मते माणूस आदामाचे वाईट उदाहरण गिरवतो, एवढाच काय तो संबंध. देवाने इच्छाशक्ती दिली आहे, ती वापरावी आणि आज्ञा पाळाव्यात. 'स्वभावाला औषध नाही' म्हणून हात वर करणाऱ्या रोमी ख्रिस्ती लोकांची त्याला चीड होती, आणि ती चीड अगदीच अनाठायी नव्हती. तरीही 418 मध्ये कार्थेज येथील परिषदेने त्याची मते त्याज्य ठरवली आणि पोप झोसिमस यांनीही, आधी सौम्य भूमिका घेऊन, त्याच वर्षी त्याचा निषेध केला. यानंतर इटलीतील एक्लानमचे बिशप ज्युलियन यांनी ऑगस्टीन यांना वर्षानुवर्षे हाच प्रश्न विचारून भंडावले, की न्यायी देव निष्पाप जीव निर्माण करून त्याला दुसऱ्याच्या पापासाठी दोषी कसा धरील? ऑगस्टीन यांचे त्यावरचे शेवटचे उत्तर लिहून पुरे झाले नाही. ते वारले तेव्हा हिप्पोला व्हँडल टोळ्यांचा वेढा पडला होता.

माझे मत विचाराल तर 'बाळालाही ख्रिस्ताच्या कृपेची गरज आहे' इथपर्यंत ऑगस्टीन यांना खोडून काढणे कठीण आहे, पण तिथून 'म्हणून बाळ दोषी आहे' इथवर त्यांनी जी उडी घेतली, तिचा भार पुढच्या धर्मपंडितांना शतकानुशतके वाहावा लागला. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाताचा दाखला दिला : हाताने खून केला, तर तो अपराध हाताचा म्हणून वेगळा मोजत नाहीत, हात ज्या माणसाच्या इच्छेने हलला त्या माणसाचा अवयव म्हणून त्याला तो लागतो, तसे सर्व मानव आदामाचे अवयव. दाखला चतुर आहे, पण हाताला स्वतःचे मन नसते आणि आपल्या नातवाला ते आहे, ही अडचण त्याने सुटत नाही. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने जून 1546 मध्ये ठरवले की आदामाकडून वंशजांकडे केवळ मरण व शरीराच्या यातनाच नव्हे तर पापही आले, ते अनुकरणाने नव्हे तर वंशपरंपरेने येते, आणि त्याचा दोष स्नानसंस्काराने पुसला जातो. 'दोष' हा शब्द तिथलाच आहे. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

1992 मध्ये प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणाचा अधिकृत ग्रंथ हेच पुढे नेतो, पण खुलासा करून. आदिपापाला 'पाप' म्हणायचे ते केवळ साधर्म्याने. ते ओढवलेले आहे, केलेले नाही. ती अवस्था आहे, कृती नव्हे. आणि आदामाच्या कोणत्याही वंशजाच्या बाबतीत त्याला वैयक्तिक अपराधाचे स्वरूप नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. उणीव आहे ती इतकीच की देवाशी ज्या सख्यात माणसाने जन्माला यायचे, ते सख्य जन्मतः मिळत नाही आणि मनाचा कल वाईटाकडे झुकलेला असतो. तेव्हा फादरांनी बाळासाठी जी प्रार्थना केली ती गुन्हेगाराच्या सुटकेची नव्हती. त्याच प्रार्थनेत पुढे, या बाळाला तुझ्या गौरवाचे मंदिर कर, अशी विनंती असते आणि त्यानंतर बाळाच्या छातीवर तेल लावतात. सूनबाईंना तो पुढचा भागही वाचून दाखवावा.

प्रश्न : आदिपाप म्हणजे आपल्याकडचे पूर्वसंचितच नव्हे काय? आणि 'मुलगा बापाच्या पातकाचा भार वाहणार नाही' असे बायबलच सांगत असताना ही शिकवण टिकते कशी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पूर्वसंचित नव्हे. संचित मागच्या जन्मीचे असले तरी ते त्याच जिवाचे असते. करणारा आणि भोगणारा एकच, हा कर्मसिद्धांताचा कणा आहे. आदिपापात करणारा वेगळा आणि भोगणारे वेगळे. म्हणूनच मराठी श्रोत्याला ही शिकवण सहज पटत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातील राशोल येथे 1616 मध्ये छापलेल्या ओवीबद्ध क्रिस्तपुराणात ख्रिस्तचरित्राआधी एक संपूर्ण 'पहिले पुराण' घातले आहे आणि त्यात सृष्टीची उत्पत्ती व आदामाचे पतन सांगितले आहे. रोग कळल्याशिवाय औषधाची महती कळत नाही, हे त्यांनी ओळखलेले दिसते.

आपण उद्धृत केलेले वचन यहेज्केलच्या अठराव्या अध्यायातील आहे. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण बाबेलच्या बंदिवासातील यहुदी लोकांच्या तोंडी होती, आणि ती यापुढे उच्चारू नका, असे संदेष्टा बजावतो. यहुदी धर्मात आदिपापाचा सिद्धांत रुजला नाही, याचे आश्चर्य वाटायला नको. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपराही मर्त्यपणा आणि विकार वारशाने आले असे मानते, आदामाचा अपराध नव्हे. झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली याने सोळाव्या शतकात आदिपापाला दोष न म्हणता आजार म्हटले, तर प्रेसबिटेरियन या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी स्वीकारलेल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्राने, त्याच्या पुढच्या शतकात, आदामाच्या पापाचा दोष वंशजांच्या नावावर मांडला गेला, असे लिहून टाकले. यहेज्केलशी सर्वांत उघड झगडा याच शेवटच्या मताचा होतो. त्याचे समर्थक मात्र एक बिनतोड सवाल टाकतात : ख्रिस्ताची धार्मिकता आपण काही न करता आपल्या नावावर मांडली जाते, हे तुम्ही आनंदाने मान्य करता, मग आदामाचा दोष मांडला गेला तर तक्रार का? हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझ्या दृष्टीने त्याचे उत्तर पौलाच्याच त्या अध्यायात आहे : तो दोन्ही पारडी सारखी ठेवत नाही, कृपेची गत अपराधासारखी नाही, असे तो आवर्जून सांगतो. ऋण दुसऱ्याच्या माथी मारणे आणि दान दुसऱ्याच्या पदरात टाकणे यांना न्यायाचे एकच माप लागत नाही.

प्रश्न : माझ्या बहिणीचे बाळ सातव्या महिन्यात जन्मले आणि स्नानसंस्कार होण्याआधीच दवाखान्यात वारले. घरातल्या वडीलधाऱ्या बाई म्हणतात की ते 'लिंबो'त गेले, त्याला देवदर्शन नाही. हे खरे का? (एक वाचक, पालघर)

उत्तर : त्या बाईंना लहानपणी तसेच शिकवले गेले असणार, त्यांच्यावर रागावू नये. ऑगस्टीन यांनी अशा बाळांनाही शिक्षा सांगितली होती, अगदी सौम्य असली तरी. ते कठोर वाटल्यामुळे मध्ययुगीन पंडितांनी लिंबो कल्पिला : तिथे यातना नाहीत, पण देवदर्शनही नाही. तो श्रद्धेचा बंधनकारक सिद्धांत कधीच झाला नाही. 2007 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने प्रसिद्ध केलेल्या निवेदनात, स्नानसंस्काराविना गेलेली बालके तारली जातील अशी आशा बाळगण्यास गंभीर आधार आहेत, असे म्हटले आहे. निवेदनाने खात्री दिलेली नाही, आशा दिली आहे, आणि ही आशा बहिणीला निःसंकोच सांगावी.

1917 च्या धर्मविधिसंहितेत (ख्रिस्तसभेच्या कायद्यांच्या संग्रहात) अशा बाळांना ख्रिस्ती अंत्यविधी नाकारलेला होता, त्यामुळे जुन्या दफनभूमींत त्यांना आशीर्वादित जागेबाहेर पुरले जाई. 1983 च्या संहितेनुसार, आईवडिलांचा स्नानसंस्कार देण्याचा मानस असताना मूल गेले, तर स्थानिक बिशप त्याच्या अंत्यविधीला परवानगी देऊ शकतात. बाळाचे दफन प्रार्थनेविना झाले असेल, तर बहीण आणि मेहुणे यांनी आपल्या धर्मग्रामातील फादरांना भेटावे आणि बाळाच्या व आईवडिलांच्या नावे मिस्सा अर्पण करण्याची विनंती करावी.