मुलीच्या इकॉनॉमिक्सचे पैसे बाराव्या वर्षी?

कोल्हापूरहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ५२, सूतगिरणीत अकाउंट्सला, हातात येणारा पगार महिना ६२ हजार, निवृत्ती ५८ व्या वर्षी. पत्नी घरी शिवणकाम करतात, मुलगा आठवीत आहे. मुलगी बारावी कॉमर्सला ८८ टक्के मिळवून पास झाली आणि तिला पुण्यात बी.एस्सी. इकॉनॉमिक्स करायचंय. नातेवाईक म्हणतात, बी.कॉम. आणि सीए कर. शिवाय एका खासगी विद्यापीठाने मुलीला भुरळ घातलीय; तिथे फी वर्षाला ९ लाख. त्यांचे प्रश्न दोन: इकॉनॉमिक्स घेऊन पोटापाण्याचं काय, आणि खासगी विद्यापीठासाठी २५ लाखांचं कर्ज काढावं का?

पत्राच्या शेवटी मात्र त्यांनी सहज एक ओळ लिहिलीय: "पैशांची काळजी नाही, १४ लाखांची एफडी मोडून बँकेतल्या साहेबांनी शिक्षणासाठी गॅरंटीड प्लॅन करून दिला आहे." सोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो. कागद घरी येऊन पंधरा दिवस झालेत.

दादा, आधी या ओळीबद्दल बोलू. कोर्स कोणता घ्यायचा याला अजून काही आठवडे आहेत. पॉलिसी परत करायला तुमच्याकडे पंधराच दिवस उरलेत.

पॉलिसी अशी आहे: वर्षाला ३ लाख, असे दहा हप्ते. पहिला हप्ता भरल्यापासून बारा वर्षांनी दरवर्षी ५ लाख ४० हजार मिळायला सुरुवात, तेही दहा वर्षं. "तीस लाखांचे चोपन्न लाख" हे वाक्य तुम्हाला पटलं. आता हिशोब करू. पहिला हप्ता आज, त्याचा पहिला परतावा बारा वर्षांनी. दुसरा हप्ता पुढच्या वर्षी, त्याचा परतावा तेराव्या वर्षी. म्हणजे तुमचा प्रत्येक रुपया बारा वर्षं अडकतो आणि १ रुपया ८० पैसे होऊन परत येतो. बारा वर्षांत दुप्पट व्हायला ६ टक्के लागतात. इथे दुप्पटही होत नाही, व्याज पडतं ५ टक्के. पीपीएफवर सध्या ७.१ टक्के मिळतात. तिथे तोच रुपया बारा वर्षांत सव्वादोनच्या वर जातो. मुलीला इकॉनॉमिक्स शिकायचंय ना? तिलाच कागद-पेन देऊन हा हिशोब करायला बसवा. आजचा रुपया आणि बारा वर्षांनंतरचा रुपया एकच नसतो, हे तिला पहिल्या वर्षीच शिकवतील.

पण व्याज कमी ही यातली लहान चूक आहे.

मोठी चूक ही की मुलगी आज १८ वर्षांची आहे. पहिले ५ लाख ४० हजार येतील तेव्हा ती तिशीत असेल. शेवटचे येतील तेव्हा ३९ ची. तिची फी मात्र या जूनपासून भरायचीय. शिक्षणासाठी म्हणून विकलेली वस्तू शिक्षण संपल्यावर नऊ वर्षांनी पैसे देणार असेल, तर ती विकणाऱ्याने मुलीचं वय तरी विचारलं होतं का?

पुढे बघा. तुम्ही ५२ चे. दहावा हप्ता भराल तेव्हा ६१ चे असाल. शेवटचे चार हप्ते, म्हणजे १२ लाख, निवृत्तीनंतर पगाराविना भरायचे. इतक्या लांब जायचीही गरज नाही. पुण्याचा खर्च तुम्ही फी, वसतिगृह आणि मेस धरून वर्षाला पावणेतीन लाख लिहिलाय. खात्यात उरलेत ११ लाख. यंदाची फी गेली की सव्वाआठ. पुढच्या वर्षी हप्ता आणि फी मिळून पावणेसहा गेले की उरले अडीच. तिसऱ्या वर्षी पुन्हा पावणेसहा हवेत. पगारातून तुम्ही महिना आठ-दहा हजार वाचवता, तेही दोन वर्षांचे धरले तरी बेरीज पाचाच्या आत राहते. म्हणजे मुलगी ऐन शेवटच्या वर्षात असताना तुम्हाला हप्ता किंवा फी यांपैकी एक सोडावं लागेल.

आता तुम्ही पाठवलेलं पहिलं पान. विमा कोणाच्या आयुष्याचा आहे ते वाचलंत का? मुलीच्या. तुम्ही फक्त प्रस्तावक, म्हणजे अर्ज करून हप्ते भरणारे. जिच्या कमाईवर आज कुणीच अवलंबून नाही तिचा विमा काढलाय आणि ज्यांच्या पगारावर चार जणांचं घर चालतं त्यांचा काढलेला नाही. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर ही पॉलिसी घरच्यांना काही देणार नाही, उलट हप्ते मागत राहील; हप्ता माफीची सोय त्या पानावर मला दिसली नाही. आणि तुमचं वार्षिक उत्पन्न तिथे १४ लाख लिहिलंय. तुमच्या हातात वर्षाला साडेसात लाखही येत नाहीत. हा आकडा कुणी भरला? कंपनीचा फोन आला तेव्हा "सगळ्याला हो म्हणा" असं सांगितलं होतं, असं तुम्हीच लिहिलंय. बँकेत वीस वर्षं खातं आहे म्हणून भरवसा ठेवणाऱ्या माणसाला असं फसवलेलं पाहून मला संताप येतो.

उपाय सरळ आहे. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती कारण देऊन परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात आणि तो तुमचा हक्क आहे. अर्ज बँकेतल्या साहेबांकडे नाही, थेट विमा कंपनीच्या शाखेत द्या आणि शिक्का-तारखेसह पोच घ्या. तोच मजकूर ईमेलनेही पाठवा. कारणात लिहा: शिक्षणासाठी म्हणून विकली, पैसे बारा वर्षांनी मिळणार आहेत, उत्पन्न चुकीचं भरलंय. जेवढे दिवस विमा चालू होता तेवढ्या दिवसांचा जोखीम हप्ता, स्टॅम्प ड्युटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च कापून बाकी रक्कम परत मिळते. मधल्या काळात साहेबांचे फोन येतील: "दोन वर्षं तरी भरा", "दुसऱ्या प्लॅनमध्ये बदलून देतो". ऐकू नका. कंपनीने टाळाटाळ केली तर तिच्या तक्रार कक्षाकडे, मग विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर आणि शेवटी विमा लोकपालाकडे जा. लोकपालाचं कार्यालय पुण्यातही आहे.

आता तुमचे प्रश्न.

२५ लाखांचं कर्ज काढू नका. साडेदहा टक्के व्याज धरलं तर शिक्षणाची तीन वर्षं आणि नंतरचं हप्ता न भरण्याच्या सवलतीचं एक वर्ष यांत साधारण आठ लाख व्याज चढेल. ३३ लाख दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता महिना ४४ हजारांच्या पुढे. पहिल्या नोकरीत तिला ३५ हजार मिळाले तर हप्ता कोण भरणार? तुम्ही, आणि तेव्हा तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असतील.

इकॉनॉमिक्स हा विषय उत्तम आहे. पण "बी.एस्सी. झाली की रिझर्व्ह बँकेत लागेल" हे मनातून काढा. या विषयात पदवी म्हणजे अर्धी वाट. रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांच्या जागा आणि यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा, दोन्हीकडे अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवीच लागते. आर्थिक सेवेच्या जागा अलीकडे वर्षाला तीन डझनांच्या आतच निघतात. सल्लागार संस्था, बँका, डेटावर काम करणाऱ्या कंपन्या पदवीधरांनाही घेतात, पण संख्याशास्त्र, इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीवर आर्थिक सिद्धांत तपासण्याचं शास्त्र) आणि आर किंवा पायथनमध्ये प्रोग्रामिंग येत असेल तर. म्हणून हिशोब तीन वर्षांचा नको, पाच वर्षांचा करा. पुण्यात १९३० पासून गोखले इन्स्टिट्यूट आहे, पुढे गोरेगावला रिझर्व्ह बँकेने उभी केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. चांगल्या इकॉनॉमिक्ससाठी वर्षाला ९ लाख मोजायची गरज नाही. सीएचा रस्ताही चांगला आणि स्वस्त आहे, पण ज्याला ताळेबंदात रस आहे त्यानेच तो धरावा. नातेवाईकांना तो धरायचा नाहीये.

पैशांची मांडणी अशी करा. पॉलिसीचे पैसे परत आले की पुन्हा १४ लाख होतात. यंदाची फी बचत खात्यात. पुढच्या वर्षीची एक वर्षाच्या एफडीत, तिसऱ्या वर्षीची दोन वर्षांच्या एफडीत. उरलेल्या पावणेसहापैकी अडीच लाख अडीअडचणीला, बाकी सव्वातीन तिच्या एम.एस्सी.साठी तीन वर्षांच्या एफडीत. एफडी दोन बँकांत विभागा, कारण ठेवींना विमा संरक्षण बँकेमागे ५ लाखांपर्यंतच आहे. एम.एस्सी.ला तीन-चार लाख कमी पडतील, तेवढं शैक्षणिक कर्ज तिच्या नावे घ्या. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत बसत असेल आणि संस्था यादीत असेल तर पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्र सरकारच्या शैक्षणिक कर्ज योजनेतून व्याजात ३ टक्के सवलतही मिळू शकते. पीएफला हात लावू नका. आणि महिन्याच्या बचतीतून सर्वांत आधी स्वतःचा ५० लाखांचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत तुमचं बरंवाईट झालं तर घरच्यांना रक्कम देणारा साधा विमा घ्या, साठीपर्यंतचा. मुलाची बारावी अजून चार वर्षं लांब आहे, तेवढी मुदत तरी त्याला तुमच्या पगाराची हमी हवी.

एक गोष्ट तुम्ही कळवली नाहीत. मुलीने बारावीला गणित घेतलं होतं की एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस)? दिल्ली विद्यापीठाच्या इकॉनॉमिक्स ऑनर्सला गणिताशिवाय दारच उघडत नाही आणि एम.एस्सी.च्या चांगल्या संस्थांतही तेच विचारतात. एसपी असेल तर प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमातले गणिताचे पेपर तिला नीट पाहायला लावा. विमा कंपनीची पोच मिळाली की हेही मला लिहून पाठवा.